कानाचे सेल आणि चुन्याची डबी

आमच्या घरात कोणतंही काम तालमीशिवाय होत नाही. ही खोड माझी आहे, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणाला बोट दाखवायची तसदी नको. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी तीस वर्षं गेली, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ऐन वेळी अडकू नये म्हणून चौदा तारखेला ती तीनदा ओढून बघणारी बाई मी. अशा बाईने आपल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाला पहिल्यांदा विमानात बसवायचं ठरवलं, तर घरादाराचं काय होणार ते उघड आहे.

निमित्त माझ्या मुलीचं. ती बंगळूरला विजेच्या इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होती आणि परीक्षेत पहिली आली. कॉलेजात समारंभ ठरला. पहिल्या आलेल्यांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं होतं. तिने फोन केला तो मला नाही, गावाकडे आपल्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना केला. "आबा, मी इंग्रजीत बोलनार हाय. पन दोन वाक्यं मराठीत, खास तुमच्यासाठी. ती तुमी सोता आयकायची. आईनं मागून समजावून सांगितली तर मला चालायचं न्हाई."

मागून समजावून सांगणे यावर माझा संसार चालतो, त्यामुळे मला ते लागलं. पण पोरीचं चूक नव्हतं. बाबांच्या कानांनी गेली सहा-सात वर्षं हळूहळू संप पुकारला होता. मागच्या वर्षी नांदेडला नेऊन दोन्ही कानांना यंत्रं बसवली. कानामागे अडकवायची, शेंगेएवढी. त्यात तुरीच्या दाण्याएवढा चपटा सेल बसतो. सेल असला की बाबांना शेजारच्या गल्लीतली भांडणंसुद्धा ऐकू येतात. सेल नसला की ढोल वाजवा, बाबा हसून मान हलवतात. तेव्हा बाबांनी ती दोन वाक्यं स्वतःच्या कानांनी ऐकायची, एवढं एकच काम होतं, आणि ते पार पाडायची जबाबदारी अर्थातच मी घेतली.

आता बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा लाइनमन होते. डोंगरकडा या गावाच्या आसपासच्या वीसेक खेड्यांत, केळीच्या बागांतून, काळ्या सायकलीच्या मागे तारेचं वेटोळं बांधून त्यांनी आयुष्य काढलं. आमच्या बौद्धवस्तीत पहिला दिवा लागला तो त्यांच्या हाताने. त्यांच्याबरोबरचे दोघेजण खांबावर गेले ते खाली जिवंत आले नाहीत. बाबा आले, कारण बाबांचा एक नियम होता. खांबावर चढायच्या आधी डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज काढायचे. काढलेले फ्यूज खाली ठेवायचे नाहीत, कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, आपल्याच खिशात घालून वर जायचं. म्हणजे खाली कुणाला कितीही घाई असो, तो वीज चालू करू शकत नाही. आणि शिवाय एक जादाचा फ्यूज बंडीच्या आतल्या खिशात कायम. जळालाच तर पुन्हा सायकल हाणत कोण जाणार?

नोकरी संपून वीस वर्षं झाली, पण नियम काही संपला नाही. मिक्सरला हात लावण्याआधी बाबा पिन काढतात आणि स्वतःच्या हातात धरून उभे राहतात. बातम्या बघून झाल्या की टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून खिशात घालतात. मालिकेची वेळ झाली की माझी भावजय आधी रिमोट शोधत नाही, सासऱ्यांना शोधते.

त्यांच्या आणखी दोन गोष्टी. एक, ती काळी सायकल. दोन वर्षांपूर्वी अंगणातल्या लिंबाखालून ती चोरीला गेली, तेव्हा बाबा आठ दिवस डोंगरकड्याच्या बाजारात प्रत्येक सायकल वाकून बघत फिरत होते. दुसरी, तंबाखू. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गालाला आतून पांढरा डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, आजच सोडली तर काही होणार नाही. मी सगळ्या घरासमोर त्यांच्याकडून शपथ घेतली आणि त्यांची चुन्याची डबी माझ्या हाताने कॅनॉलमध्ये फेकली. भर उन्हात, चपला न घालता, तरातरा जाऊन फेकली. वस्तीतली माणसं अजून त्या दिवसाची नक्कल करतात.

तर तालीम.

निघायच्या आदल्या दिवशी मी हिंगोलीहून गावी आले. अंगणात बाज टाकली, ते तपासणीचं यंत्र. तीन पराती आणल्या, ते ट्रे. हातात लाटणं घेतलं, ते अंगावरून फिरवायचं मशीन. भाऊ प्रवासी नंबर एक, बाबा प्रवासी नंबर दोन. शेजारच्या चार बायका ओट्यावर येऊन बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आमच्याकडे बोलावण्याची वाट कुणी पाहत नाही.

"बाबा, खिशातलं सगळं परातीत. मोबाईल, घड्याळ, पट्टा. बॅगेत जे जे विजेवर चालतं ते सगळं भायेर. बीपीचं मशीन, बॅटरी, चार्जर. समजलं?"

बाबांनी मान हलवली.

"पन कानातली यंत्रं काढायची न्हाईत. ती चालतात. कानातली यंत्रं कानातच ऱ्हाऊ द्यायची. समजलं?"

बाबांनी मान हलवली.

मी तिसऱ्यांदा सांगितलं, बोट वर करून. बाबा पुन्हा मान हलवून म्हणाले, "समजलं, मॅडम." ओट्यावरच्या बायका हसल्या. मी लाटणं फिरवलं, बाबांनी हात पसरले, पराती बाजेखालून सरकल्या, भावाने त्या पलीकडे घेतल्या. बाबांचा मोबाईल, घड्याळ, पट्टा सगळं बरोबर परातीत. मी तालीम संपल्याचं जाहीर केलं. शाळेत मी याला 'उत्तम' असा शेरा दिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. अर्धी वस्ती रस्त्यावर होती. जयभीम घालून झाले, फोटो काढून झाले. बाबांनी पांढरा नेहरू शर्ट घातला होता, आत बंडी. गाडीत मी त्यांना पुन्हा एकदा सगळं पाठ म्हणायला लावलं. ते खिडकीतून बाहेरचे खांब बघत होते. "हा वाकला," असं मधेच म्हणाले. तो खरोखर वाकलेला होता.

नांदेडच्या विमानतळावर तपासणीची रांग लागली. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या तालमीत नव्हतं. तालमीत मी बाबांच्या शेजारी होते. इथे आमच्या दोघांत एक दोरी आली. मी दोरीवरून ओरडले, "कानातलं काढू नका!" त्या हॉलमधल्या सगळ्यांनी कानाला हात लावला, एका बाबांना सोडून.

आणि तेवढ्यात माझी बॅग अडली. माझी! मी विमानाचा दहावा प्रवास करणारी. पोरीच्या खोलीवर लागेल म्हणून मी पाणी तापवायचा रॉड घेतला होता, मिक्सरचं चटणीचं भांडं घेतलं होतं, आणि हे सगळं खोबऱ्याच्या लाडवांच्या डब्याभोवती वायरी गुंडाळून पक्कं बांधलं होतं. तपासणारी बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, ये सब क्या है?" मी म्हणाले, "घर का सामान है." ती म्हणाली, "खोलिए." मग मी लाडू सोडवत बसले. रॉड बाहेर, भांडं बाहेर, भांड्यातली पाती बाहेर. ती पाती विमानात नेता येणार नाही असं कळलं, त्यावर मी थोडा वाद घातला. थोडा म्हणजे माझ्या मानाने थोडा. वाद घालता घालता दोरीपलीकडे बाबांचं काय चाललंय ते दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. आता मी बहिरी होते.

बाबांनी आधी मोबाईल बंद केला. मग बीपीच्या मशीनचं झाकण उघडून त्यातले चार सेल काढले. बॅटरीचे तीन काढले. सगळे ट्रेमध्ये ओळीने मांडले. मग दोन्ही कानांतली यंत्रं काढली, त्यांची बारीक झाकणं नखाने उघडली, आतले सेल काढले, आणि खिशातून एक लहानशी गोल वस्तू काढून त्यात टाकले. मी तिथूनच कपाळाला हात लावला. अख्खी तालीम पाण्यात गेली होती. पण मागाहून विचार केला तेव्हा कळलं, की त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. समोर विजेचं यंत्र, त्यातून आपला माल जाणार. चालू माल लाइनीत घालायचा नसतो. आधी फ्यूज काढायचे. माझ्या दहा मिनिटांच्या लाटण्यापुढे त्यांचा चाळीस वर्षांचा खांब भारी पडला.

मग जवानाने त्यांना काहीतरी विचारलं. बाबा हसून मान हलवत राहिले. जवानाने पुन्हा विचारलं. पुन्हा हसू. तेव्हा त्या शहाण्या माणसाने बोलणं सोडलं आणि स्वतःचे दोन्ही हात आडवे पसरून दाखवले. असे उभे राहा, म्हणून.

बाबांचा चेहरा एकदम उजळला. कारण खांबावरच्या माणसाची आणि खालच्या माणसाची बोलायची हीच भाषा असते. दोन्ही हात आडवे पसरले की लाइन बंद. उजवा हात डोक्यावर गोल फिरवला की चालू. एवढ्या अनोळखी, चकचकीत जागेत कुणीतरी त्यांच्या ओळखीचं बोललं होतं. बाबांनी छाती पुढे काढून दोन्ही हात पसरले, आणि लाइन बंद असल्याची खात्री म्हणून मानही खाली-वर केली. जवान हसला. त्याने हातातलं मशीन फिरवलं. ते छातीपाशी कुरकुरलं. बाबांनी बंडीच्या आतल्या खिशात बोटं घालून काहीतरी बारीकसं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने बघितलं, परत दिलं. बंडीचं सुटलेलं बटण असेल, असं मला वाटलं.

मी पाती त्या बाईच्या हवाली केली, लाडू कसेबसे कोंबले आणि बाबांकडे निघाले. बाबा सामान उचलून खुर्च्यांपाशी पोचले होते. यंत्रं पुन्हा कानांमागे अडकवून झाली होती. मला येताना बघून ते घाईने कचऱ्याच्या डब्याकडे वळले, आणि मग एकदम साळसूद चेहऱ्याने माझ्याकडे बघत उभे राहिले. असा चेहरा मी रोज बघते, चौथी ब मध्ये. पण विमानाची घोषणा झाली होती, सगळे धावत होते, मीही धावले.

बाहेर आल्यावर विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये मी म्हणाले, "बाबा, पानी प्यायचं का?" बाबा हसले. मी पुन्हा म्हणाले. बाबा हसले. मी त्यांच्या कानाकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. त्यांनी एका यंत्राचं झाकण उघडून दाखवलं. आत रिकामं.

"सेल कुठं हायत?" मी तळहातावर टिचकी मारून विचारलं.

बाबा मोठ्याने म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं सगळ्या बसला ऐकू जाईल असं, "डबीत होते."

"डबी कुठाय?"

ते बाहेर बघायला लागले. मी त्यांचं तोंड हाताने माझ्याकडे वळवलं.

"फेकली."

"काहून?"

"तू येऊन राहिली होती म्हनून. चुन्याची डबी व्हती."

बस थांबली होती. माणसं उतरत होती. मी उभीच राहिले. चार वर्षं! चार वर्षं हा माणूस शपथ घेऊन बसला होता, आणि खिशात नवी डबी! एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूचा चुन्याचा खण धुऊन पुसून त्यात कानाचे सेल. पाकिटातले जादाचे सेलही त्यातच ठेवले होते, हे त्यांनी नंतर बोटांनी मोजून सांगितलं. पाकीट खिशात मावत नाही म्हणे. आणि मी दिसताच तंबाखू लपवायची म्हणून डबीच कचऱ्यात. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. पण मी त्याच्या आधीच सुरू झाले होते. परत जायची सोय नव्हती. विमानाच्या जिन्यावर मी मागून ढकलत, ओरडत, त्यांना वर नेलं, आणि ज्याच्यावर ओरडत होते त्याला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

विमानात बाबांना खिडकी दिली. हवाईसुंदरी पुढे उभी राहून सूचना देऊ लागली, दारं कुठे आहेत ते दाखवायला तिने दोन्ही हात आडवे पसरले. "ही पोरगी बराबर करून राहिली," बाबा मोठ्याने म्हणाले. पुढच्या तीन रांगांनी वळून बघितलं. मग विमान धावू लागलं. मला दहा वेळा बसूनही विमान सुटतानाची भीती गेलेली नाही, हे मी कुणाला सांगत नाही. मी डोळे घट्ट मिटले, खुर्चीचे हात धरले आणि विमान वर जाऊन सरळ होईपर्यंत तशीच राहिले.

डोळे उघडले तेव्हा बाबा खिडकीला नाक लावून ढग बघत होते. त्यांचे पिकलेले केस, मानेवरच्या सुरकुत्या, कानामागे ती दोन बिनकामाची यंत्रं. आणि माझा राग एकदम उतरला. उरलं ते फक्त वाईट वाटणं. पोरगी दोन वाक्यं पाठ करून बसली असेल. हा माणूस पहिल्या रांगेत बसून हसून मान हलवेल. आणि हे सगळं कशामुळे? तो तंबाखूमुळे नाही लपला, माझ्यामुळे लपला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या पोरीला बघून डबी फेकतो, तर ती पोरगी किती भयंकर असेल!

मग मी बोलायला लागले. ऐकणारा कुणी नव्हता म्हणून बोलता आलं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. बाबांची पाठ माझ्याकडे होती. त्या पाठीशीच बोलले.

"बाबा, मी लई वरडते तुमच्यावर. माय गेली तवापासून जास्तच. मला वाटते, मी वरडले न्हाई तर तुमी बी जाल. तो डाग दिसला ना, तवा मी हिंगोलीला जाऊन रातभर रडले. इथं येऊन मात्र डबी फेकली आन् तमाशा केला. डागाची भीती वाटते असं सरळ बोलता आलं असतं. बोलले न्हाई. मला ते जमतच न्हाई. तुमी शपथ मोडली त्याचा राग न्हाई मला. तुमाला माझ्यापासून लपावं लागते, त्याचं वाईट वाटते."

ढग जात होते. एकदा दार उघडलं की आत किती काय काय साठलंय ते कळतं. मी नाक पुसलं आणि उरलंसुरलंही सांगून टाकलं. "आन् तुमची सायकल चोरीला गेली न्हाई. मीच देली भंगारात. कानानं आयकू येईना, आन् तुमी मोठ्या रोडवरून चालवायचे. मागून ट्रक येऊन राहिला तरी तुमी मधोमध. माझी झोप उडाली होती. तुमी बाजारात आठ दिवस शोधत फिरले, ते मला बघवलं न्हाई. पन सांगायची हिंमत झाली न्हाई. मला माफ करा."

बाबांनी खिडकीतून बोट दाखवलं. खाली एक नदी होती, उन्हात चमकत होती. "बघ," ते म्हणाले. मी बघितलं. त्यांनी माझा हात आपल्या हाताखाली घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. नदी आवडली असेल, असं मी समजले.

बंगळूरला उतरल्यावर मी सेल शोधायला गाडी फिरवली. रविवार होता. एक दुकान बंद. दुसरं बंद. तिसऱ्यात सेल होते, पण दुसऱ्या मापाचे. बाबा प्रत्येक दुकानाच्या पायरीपर्यंत माझ्यासोबत आले आणि गरीब गाईसारखे परत गाडीत बसले. वेळ संपली. सरळ सभागृहात गेलो. पोरगी स्टेजच्या बाजूला दिसली, तिने आबांना हात केला, स्वतःच्या कानाला बोट लावून विचारलं, सगळं ठीक ना? बाबांनी उजवा हात डोक्यावर गोल फिरवला. मला भडभडून आलं. यांना अजून कळलंच नाही, मी मनात म्हणाले, की आपल्याला काहीच ऐकू येणार नाही.

मी पर्समधून वही काढली. ती बोलेल ते लिहून त्यांच्यापुढे धरायचं, असं ठरवलं. पोरीचा हुकूम मोडत होते, पण दुसरा इलाज नव्हता.

तिचा नंबर आला. ती इंग्रजीत भरभर बोलली, शिक्षकांचे आभार मानले. मग थांबली. बाबांकडे बघितलं. आणि मराठीत म्हणाली, "माझ्या आबांनी मला पहिला नियम शिकवला, की कशाला बी हात लावायच्या आधी फ्यूज काढून खिशात घाल. आन् आईसमोर बसायच्या आधी बी तेच कर."

मी पेन टेकवायच्या आत माझ्या शेजारून हसू फुटलं. खदखदून, खांद्यापासून पोटापर्यंत. त्या अख्ख्या सभागृहात मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो, आणि मी हसले नव्हते.

मी वही मिटली. वळून त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे पुसत होते, हसून आणि दुसऱ्या कारणानेही.

"तुमाला आयकू आलं?"

"बराबर आलं."

"सेल?"

बाबांनी बंडीच्या आतल्या खिशावर दोन बोटं ठेवली. "जादाचे. एक जोड कायम वर असते. तू बसमध्ये सांगूच देलं न्हाई."

म्हणजे ते बटण नव्हतं. पुढचा प्रश्न मला विचारायचाच नव्हता, आणि विचारल्याशिवाय राहवणारही नव्हतं. "मंग घातले कवा?"

"विमान सुटलं ना, तवा. तू डोळे झाकून बसली होती."

टाळ्या चालू होत्या. स्टेजवर पोरगी वाकून नमस्कार करत होती. तालमीच्या वेळी त्यांनी तीनदा मान का हलवली, तेही तेव्हाच कळलं; सेल तेव्हाही खिशातच होते. मला हसायला येत होतं, लाज वाटत होती, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. मी तिन्हींतलं एकही केलं नाही, सरळ बसून राहिले.

"मंग तीन दुकानं काहून फिरवली मला?" शेवटी एवढंच विचारता आलं.

"सांगितलं असतं, तर तू बोलली ते मी आयकलं, हे तुला समजलं असतं. तुला लाज वाटली असती." मग त्यांनी माझ्या हातातली वही काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. "तंबाखू आता न्हाई. डबी गेली ते बरं झालं. डागाचं भेव वाटते म्हनून सांगायचं ना पोरी, मी तवाच सोडली असती."

मी मान हलवली. तीनदा.

पोरगी स्टेजवरून उतरून आमच्याकडे धावत येत होती. बाबा उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायकल कोन्या भंगारवाल्याला देली?"